आधी पॅच उलटा करा: महायुद्धातल्या हवाई स्क्वॉड्रनचे पॅच जमवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांचे फोटो पाहिले, की त्यांच्या चामडी जाकिटावर छातीपाशी चार-पाच इंचांचं एक रंगीत चित्र दिसतं. कुठे पंख फुटलेली कवटी, कुठे लाथ मारणारं खेचर, कुठे वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत काढलेलं डोनाल्ड डक. हा त्या स्क्वॉड्रनचा, म्हणजे हवाई पथकाचा, पॅच. नवीन संग्राहक या चित्राला भुलतो आणि नकली पॅच बनवणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो, कारण चित्राची हुबेहूब नक्कल करणं सगळ्यात सोपं आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचं कापड, दोरा, काठ आणि पाठ यांची नक्कल करणं मात्र फार कठीण. म्हणून पॅच हातात आला की आधी उलटा करा. पुढचं सगळं या एका सवयीभोवती फिरतं.

काय जमवायचं ते आधी ठरवा

'महायुद्धातले सगळे पॅच' असा संग्रह कधी पुरा होत नाही आणि त्यात डोळाही तयार होत नाही. एक आघाडी किंवा एक वायुसेना निवडा.

सर्वच देशांच्या वैमानिकांनी स्क्वॉड्रनचे पॅच अंगावर घातलेले नाहीत, हे सुरुवातीलाच माहीत असावं. ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या स्क्वॉड्रनना १९३६ पासून अधिकृत मानचिन्हं मिळू लागली. गोल चौकट, वर मुकुट, खाली ब्रीदवाक्य आणि मंजुरीला खुद्द राजाची सही असा सगळा थाट होता. पण युद्धकाळात ती गणवेशावर शिवायची पद्धत नव्हती. त्यामुळे '१९४३ चा आरएएफ स्क्वॉड्रन पॅच' म्हणून कुणी भरतकाम केलेला गोल तुकडा दाखवला, तर तो बहुधा युद्धानंतरचा असतो. मुकुटावरून काळ कळतो: कमानी वर गोलसर उठलेल्या असतील तर जुन्या राजांच्या काळातला, मधोमध खचलेल्या असतील तर १९५२ नंतरचा, राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीतला. २०२२ नंतर राजा चार्ल्सनं पुन्हा जुन्या घडणीचा मुकुट घेतला आहे. म्हणजे गोलसर मुकुट दिसला म्हणून पॅच युद्धकाळातला, असं आता म्हणता येत नाही. आपल्या त्या काळच्या हवाई दलाला मार्च १९४५ मध्ये 'रॉयल' ही उपाधी मिळाली, पण त्याची घडण ब्रिटिशच होती. तेव्हा ब्रह्मदेश मोहिमेतल्या भारतीय स्क्वॉड्रनचा 'जाकिटावरचा पॅच' कुणी विकत असेल, तर त्यालाही हाच संशय लागू होतो. जर्मन स्क्वॉड्रनची चिन्हं विमानांवर रंगवलेली असत.

अंगावर मिरवायची खरी परंपरा अमेरिकनांची. तिचं मूळ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या स्क्वॉड्रनमध्ये आहे. ९४ व्या स्क्वॉड्रनची 'रिंगणात फेकलेली हॅट' तेव्हाचीच.

माझा सल्ला असा, की भारतात राहणाऱ्या माणसानं चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीपासून सुरुवात करावी. संग्राहक तिला 'सीबीआय' म्हणतात. या आघाडीवरची अनेक अमेरिकन पथकं आपल्याच भूमीवर होती. बी-२४ बॉम्बफेकी विमानांचा सातवा बॉम्बर्डमेंट ग्रुप बंगालात पांडवेश्वरला होता. बी-२९ विमानांचे तळ खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा आणि दुधकुंडीला होते, आणि त्यांची पहिली मोहीम ५ जून १९४४ रोजी बँकॉकवर निघाली. आसामातल्या चबुआ, दिनजान, जोरहाटवरून हिमालय ओलांडून कुनमिंगला रसद जायची. 'हंप' म्हणतात तो मार्ग हाच. कित्येक अमेरिकन सैनिक जहाजानं मुंबई बंदरात उतरले आणि तिथून रेल्वेनं पूर्वेकडे गेले. आणि या लोकांचे बरेचसे पॅच इथल्याच दर्ज्यांनी आणि जरदोजी कारागिरांनी शिवले. त्या हातकामाची पारख आपल्याला परदेशी संग्राहकापेक्षा लवकर जमू शकते.

खांद्यावरचा की छातीवरचा?

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अमेरिकन लष्करी हवाई दलाची उतरंड अशी: एअर फोर्स, तिच्याखाली कमांड किंवा विंग, मग ग्रुप, मग स्क्वॉड्रन. फायटर ग्रुपमध्ये साधारण तीन आणि जड बॉम्बर ग्रुपमध्ये चार स्क्वॉड्रन असत.

गणवेशाच्या बाहीवर, डाव्या खांद्याखाली असायचं ते एअर फोर्सचं किंवा आघाडीचं चिन्ह. पंखांचा आठ असलेली आठवी एअर फोर्स, पंखधारी वाघाची चौदावी, किंवा चिनी सूर्य, भारताचा तारा आणि लाल-पांढरे पट्टे असलेली सीबीआयची ढाल. अशा क्रमांकाच्या एअर फोर्स एकूण १६ होत्या, पहिली ते पंधरावी आणि विसावी. ही चिन्हं प्रचंड संख्येनं बनली, म्हणून स्वस्त मिळतात. सुरुवात यांच्यापासून करा. कमी पैशांत खऱ्या युद्धकालीन कापडाला हात लागतो, आणि तो स्पर्श पुढे फार उपयोगी पडतो.

स्क्वॉड्रनचा पॅच आकारानं मोठा. तो बहुधा ए-२ या चामडी जाकिटाच्या छातीवर असे. एका स्क्वॉड्रनमध्ये माणसंच मोजकी, त्यामुळे पॅचही मोजकेच. किमतीतला फरक इथून येतो. विक्रेता 'स्क्वॉड्रन पॅच' म्हणून खांद्याचं चिन्ह चढ्या भावानं विकत नाही ना, एवढं पहिल्या वर्षी सांभाळलं तरी बरेच पैसे वाचतात.

एक बारीक गोष्ट. या खांद्याच्या चिन्हांवर पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका असतो. मे १९४२ मध्ये विमानांवरून तो ठिपका काढून टाकला, कारण जपानी चिन्हाशी गल्लत होत होती. ते वाचून काही जण लाल ठिपक्याचा पॅच १९४२ च्या आधीचा किंवा खोटा ठरवतात. पॅचवर तो ठिपका पूर्ण युद्धभर राहिला.

कुठे बनला ते कापड सांगतं

अमेरिकेत कारखान्यात बनलेले पॅच यंत्राच्या भरतकामाचे असत, सुती ट्विलवर किंवा लोकरी नमद्यावर, म्हणजे फेल्टवर. काही झुबकेदार शेनीलचे, काही साखळी टाक्याचे. चामड्यावर हातानं रंगवलेले आणि चामड्यावर चित्र उतरवून चिकटवलेलेही पुष्कळ.

पथक परदेशी गेलं की पॅच तिथल्या बाजारात बनवून घेतले जात. संग्राहक यांना 'थिएटर-मेड' म्हणतात, म्हणजे त्या त्या रणक्षेत्रात बनलेले. इंग्लंडमध्ये बनलेले बहुधा लोकरी कापडावर किंवा नमद्यावर, भरलेले किंवा रंगवलेले. इटलीतले धातूच्या तारेचे. ऑस्ट्रेलियातले चामड्याचे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे कापून एकमेकांवर शिवलेले. यांच्यात काही इतके सुबक आहेत की नुसते पाहत बसावंसं वाटतं. चीनमधले रेशमावरचे किंवा चामड्याच्या तुकड्यांचे. चौदाव्या एअर फोर्सचा वाघ तर कारागीर बदलला की चेहरा बदलतो, कुठे रागीट, कुठे मांजरासारखा. हातकामाच्या पॅचमध्ये चित्र वाकडं आहे म्हणून तो खोटा ठरवू नका.

भारतात बनलेले पॅच मला सगळ्यात प्रिय आहेत. खाली बनात म्हणजे जाड लोकरी कापड, नमदा किंवा गणवेशाचंच खाकी कापड, वर सलमा म्हणजे गुंडाळलेली धातूची तार आणि जरीचं काम, मध्ये रेशमी किंवा सुती धाग्याचं भरण, पाठीला बऱ्याचदा कागद किंवा पातळ सुती कापड डकवलेलं. मागचे टाके कमी-जास्त लांबीचे, गाठी उघड दिसणाऱ्या.

अडचण एवढीच की ही कला आजही जिवंत आहे. वाराणसीतले कारागीर जगभरच्या सैन्यांसाठी जरीचे बिल्ले बनवतात, तसंच पाकिस्तानात सियालकोटला होतं. त्यामुळे 'हातानं केलंय, जरीचं आहे' हा जुनेपणाचा पुरावा होत नाही. धातू पाहावा लागतो. त्या काळची तार तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली असे. ती काळवंडते, आणि जिथे घासली गेली तिथे आतलं तांबं डोकावतं. पैठणी खरेदी करणाऱ्या बायका जर बोटांत चोळून, उजेडात तिरपी धरून खरी की टेस्टेड, म्हणजे नकली, ते सांगतात. तीच नजर इथे लावायची. प्लास्टिकच्या पट्टीवर चमक चढवलेली आजची जर काळी पडत नाही, ती सोलली जाते. आतलं भरणही पाहा. कडेला टाका सैल असेल तर आत सूत किंवा पुठ्ठा दिसावा. फोम दिसला तर विषय संपला.

उलटी बाजू, काठ आणि जांभळा उजेड

आता प्रत्यक्ष तपासणी. हात धुऊन कोरडे करा, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीपाशी बसा.

पाठ पाहा. युद्धकालीन अमेरिकन यंत्रकामाच्या पाठीवर खालच्या रिळाचा धागा सलग दिसतो, बऱ्याचदा पांढरा. पाठीवर प्लास्टिकचा चकचकीत थर असेल, इस्त्रीनं चिकटवायचा डिंक असेल, तर तो पॅच युद्धातला नाही.

काठ पाहा. त्या काळातल्या पॅचचा काठ कापलेला असे, भरतकामाच्या कडेनं कात्री फिरवलेली, धागे किंचित सुटलेले. आजच्या शाळेच्या बिल्ल्याला असतो तसा जाड, गोल, दोरीसारखा गुंफलेला काठ नंतरच्या काळाचा. १९६० च्या दशकानंतर तो सर्रास दिसू लागला. मात्र कापलेला काठ असणं ही फक्त पहिली पायरी. नक्कल करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं.

मग अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. खोट्या नोटा तपासायला मिळते तीच, ३६५ नॅनोमीटरची घ्या. पूर्ण अंधारात दोन्ही बाजूंवर फिरवा. कृत्रिम धागे आणि कापड शुभ्र दिसावं म्हणून वापरली जाणारी रसायनं या उजेडात निळी-पांढरी झगझगतात. पॉलिएस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ चा, पण बाजारात ते युद्धानंतर आलं, आणि ती शुभ्रतेची रसायनं धुण्याच्या पावडरीत सरसकट आली तीही युद्धानंतरच. म्हणून पांढरा दोरा दिव्यासारखा पेटला तर पॅच बाजूला ठेवा. या चाचणीवर पूर्ण विसंबू नका, एवढं आग्रहानं सांगतो. सैनिकाच्या पत्नीनं १९६० मध्ये ते जाकीट नव्या पावडरीनं धुतलं असेल तर अस्सल पॅचही चमकेल. उलट, रसायन नसलेला सुती दोरा आजही मिळतो, म्हणजे नक्कल अंधारात गप्प राहू शकते. धागा जाळून पाहायची चाचणी काही जण सुचवतात. ती करू नका. अस्सल वस्तूचा एकही धागा परत मिळत नाही.

शेवटी वापराच्या खुणा. जाकिटावरून काढलेल्या पॅचच्या कडेला सुईची भोकं असतात. पुढची बाजू उन्हानं फिकी आणि मागची त्या मानानं गडद राहते. मळ उंच टाक्यांवर आणि शिवणीत बसतो. चहाच्या पाण्यात बुडवून 'जुना' केलेला पॅच पुढून-मागून सारखाच तपकिरी होतो, त्यातल्या सुईच्या भोकांसकट. चामड्यावर रंगवलेल्या पॅचमध्ये रंगाला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि त्या चामड्याच्या वळ्यांबरोबर जातात. रबरासारखा लवचीक, भेग न पडणारा रंग बहुधा ॲक्रिलिक असतो. चित्रकारांना तो १९५० च्या दशकापासून मिळू लागला.

आता चित्र: चार कवट्यांचं उदाहरण

कापडानं हिरवा कंदील दाखवला की मगच चित्राकडे वळायचं. समजा, हातात कवटीचा पॅच आहे. कवटी अनेकांनी घेतली होती. पॅसिफिकमधल्या ९० व्या बॉम्बर्डमेंट ग्रुपची, म्हणजे 'जॉली रॉजर्स'ची कवटी, तिच्यामागे हाडांच्या जागी एकमेकांवर आडवे ठेवलेले बॉम्ब. नौदलाच्या व्हीएफ-१७ स्क्वॉड्रनचंही नाव जॉली रॉजर्सच, पण तिथे कवटी आणि खरी हाडं. ब्रह्मदेशातले पूल उडवण्यात नाव कमावलेल्या ४९० व्या बॉम्बर्डमेंट स्क्वॉड्रनच्या कवटीला पंख. आणि आसामात पी-४० विमानं उडवणाऱ्या ८० व्या फायटर ग्रुपनं, 'बर्मा बॅन्शीज'नी, कवटी रंगवली ती विमानाच्या नाकावर.

म्हणजे प्रश्न या क्रमानं विचारायचे. कवटीबरोबर आणखी काय आहे? नौदल की लष्करी हवाई दल? कापड कुठल्या प्रदेशातलं दिसतं, आणि ते पथक त्या प्रदेशात होतं का? पंखांची कवटी भारतीय जरदोजीत मिळाली तर गोष्ट जुळते. तीच ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या चामड्याच्या तुकड्यांत मिळाली तर विक्रेत्याला दहा प्रश्न विचारा.

पडताळणीसाठी सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे अमेरिकन हवाई दलानं १९६९ मध्ये काढलेली युद्धकालीन लढाऊ स्क्वॉड्रनची अधिकृत जंत्री. तीत प्रत्येक स्क्वॉड्रनची वंशावळ, तळ, विमानं, मानचिन्हाचं शब्दांत वर्णन आणि मंजुरीची तारीख आहे. डिजिटल प्रत फुकट मिळते. हवाई दलाची मूळ कागदपत्रं अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या ऐतिहासिक संशोधन संस्थेत आहेत. मंजुरी न घेताच वापरलेली चिन्हंही पुष्कळ होती. त्यामुळे जंत्रीत चिन्ह नाही म्हणजे ते खोटंच असं नाही. अशा वेळी त्या पथकाचे युद्धकालीन फोटो शोधायचे आणि जाकिटावरचं चित्र टाक्याटाक्यानं जुळवायचं. माझ्या मते एक स्पष्ट फोटो दहा तज्ज्ञांच्या मतांपेक्षा मोलाचा आहे.

अक्षरांकडेही लक्ष द्या. युद्धकालीन लष्करी हवाई पथकांच्या चिन्हांवर साधारणपणे मजकूर नसे. खाली फीत काढून स्क्वॉड्रनचं नाव लिहिलेलं असेल तर तो बहुधा नंतरचा. 'यूएसएएफ' (युनायटेड स्टेट्स एअर फोर्स) ही अक्षरं असतील तर १८ सप्टेंबर १९४७ नंतरचाच, कारण स्वतंत्र हवाई दल त्या दिवशी अस्तित्वात आलं. 'परस्यूट स्क्वॉड्रन' हे नाव मे १९४२ मध्ये बदलून 'फायटर' झालं, तेही लक्षात असू द्या.

डिस्नेच्या चिन्हांबद्दल थोडं. हँक पोर्टर या चित्रकाराच्या देखरेखीखाली स्टुडिओनं युद्धकाळात सुमारे १२०० चिन्हं पथकांना विनामोबदला काढून दिली. मागणी सर्वाधिक डोनाल्ड डकला. चिडकं बदक लढाईला शोभतं, हसरा मिकी तितका नाही. स्टुडिओ रंगीत चित्र पाठवत असे. पॅच मात्र पथक जिथे जमेल तिथे बनवून घेई. म्हणून डिस्नेच्या मूळ चित्रापेक्षा पॅच वेगळा दिसणं स्वाभाविक आहे. उलट मूळ चित्राशी तंतोतंत जुळणारा, नवाकोरा पॅच पुस्तकावरून उतरवलेला असण्याची शक्यता जास्त.

फ्लाइंग टायगर्सचा मोह

अमेरिकन व्हॉलंटियर ग्रुप, म्हणजे फ्लाइंग टायगर्स, हा चीनच्या बाजूनं जपानशी लढलेला अमेरिकन स्वयंसेवकांचा गट. त्यांची पहिली लढाई २० डिसेंबर १९४१ ची, आणि ४ जुलै १९४२ ला गट बरखास्त. जेमतेम सात महिने. १०० पी-४० विमानं विकत घेतलेली, आणि जमिनीवरचे कर्मचारी धरून सुमारे ३०० माणसं. या माणसांच्या अंगावरून आलेल्या अस्सल वस्तू जगात किती असतील त्याचा अंदाज तुम्हीच करा, आणि मग बाजारात किती विकायला आहेत ते पाहा. जाकिटाच्या पाठीवरचं चिनी ध्वजाचं रेशमी फडकं, ज्यावर 'हा परदेशी चीनच्या मदतीला आला आहे, सैनिक आणि नागरिकांनी त्याला वाचवावं' अशा अर्थाचा चिनी मजकूर, क्रमांक आणि शिक्का असे, त्याच्या नकला तर ढिगानं मिळतात. पहिली काही वर्षं या गटाच्या वस्तूंना हात लावू नका. कागदपत्रांसह आणि मालकाच्या नावासह आलं तर गोष्ट वेगळी.

विकत घेताना

मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार फिरायला चांगला, पण असे पॅच तिथे क्वचित दिसतात, आणि दिसले तर वरच्या सगळ्या तपासण्या दुप्पट कडक करा. बहुतेक खरेदी परदेशातून, फोटो पाहून होते. विक्रेत्याकडून पाठीचा आणि काठाचा जवळून काढलेला फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून, मागा. परत घेण्याची अट लेखी घ्या. 'माझ्या आजोबांच्या ट्रंकेत होता' ही कथा ऐकून घ्या, पैसे मात्र वस्तूचेच द्या. आजोबांचं नाव, पथक आणि एखादं पत्र सोबत असेल, तर मग कथेलाही किंमत आहे. अशा वेळी कागद आणि पॅच वेगळे करून विकण्याचा किंवा घेण्याचा पाप-व्यवहार करू नका. एकदा तुटलेला तो दुवा पुन्हा जोडता येत नाही.

अरुणाचलच्या डोंगरांत हंप मार्गावर कोसळलेल्या विमानांचे अवशेष आजही आहेत, आणि काही ठिकाणी माणसांचेही. तिथून उचललेली कोणतीही वस्तू घेऊ नका, कितीही अस्सल असली तरी. त्या इतिहासाला भेटायचं असेल तर २०२३ मध्ये पासीघाटला उघडलेलं हंप संग्रहालय पाहा.

आपल्या हवेत जपताना

पावसाळा हा आपला मोठा शत्रू, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. पॅच धुवू नका, इस्त्री करू नका, लॅमिनेट करू नका, डिंकानं चिकटवू नका. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून निघणारी रसायनं कापड आणि धातू दोन्ही खातात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं वापरा. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि जूनपासून ती दर पंधरवड्याला बदला किंवा तापवून कोरडी करा. चामड्याला तेल लावण्याचा मोह आवरा, रंग सुटतो. काळवंडलेली जर चांदीसारखी घासून चमकवू नका. तो काळेपणा तिच्या वयाचा दाखला आहे.

लोकरी नमद्याला कसर लागते. नवीन आलेला पॅच प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका; आतलं तापमान खोलीइतकं होऊ द्या, नाहीतर कापडावर पाणी धरतं. रंगवलेलं चामडं मात्र फ्रीजरमध्ये घालू नका. डांबर गोळी ठेवायचीच असेल तर ती कापडाला चिकटून नको.

आणि पहिल्या पॅचपासून वही घाला. मोजमाप, कापड, काठाचा प्रकार, जांभळ्या उजेडात काय दिसलं, कुणाकडून आणि कितीला घेतला, विक्रेत्यानं काय सांगितलं आणि त्यातलं काय पडताळलं, दोन्ही बाजूंचे फोटो. पथकाबद्दल आपला निष्कर्ष पेन्सिलीनं लिहा, म्हणजे नवीन फोटो मिळाला की तो खोडून दुरुस्त करता येईल. नोंदीचा क्रमांक पॅचवर लिहायचा नाही, पाकिटावर लिहायचा.